पदरचं वाक्य

माझ्या धाकट्या बहिणीनं, वडिवूनं, गुरुवारी कोर्टात उभं राहून एवढंच सांगायचं होतं की गाडी सेंदूरन चालवत होता. बास. ते एवढंसं तिच्या तोंडून निघू नये म्हणून आमचं अख्खं गाव कामाला लागलं. आणि त्यांच्या हातात हत्यार कुणी दिलं? मी. दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू?

मी पूंगोदै. नावानं मला इथे कुणी हाक मारत नाही, सगळे टीचर म्हणतात. बत्तीस वर्षं इथल्या शाळेत तमिळ शिकवलं. त्यातली शेवटची आणि नंतरची मिळून वीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला आमचं देऊळ दाखवत आले. त्याचे पैसे घेत नाही. कौतुक मात्र घेते, भरपूर घेते, खोटं कशाला बोलू.

देऊळ लहान आहे. तंजावूर बघून आलेले लोक आधी जरा नाक मुरडतात. मग मी त्यांना खडसावते. "वर कळसाकडे काय बघताय? वर सगळेच बघतात. खाली बसा. उकिडवे बसा. देऊळ पायाकडून वाचायचं असतं." बसतात बिचारे, गुडघे धरून. मग मी एकेक थर दाखवते. हा सपाट थर, त्यावर मडक्याच्या पोटासारखा गोल थर, त्यावर सिंहाच्या तोंडाच्या याळींची रांग, त्यातल्या एकाच्या जबड्यात अख्खा हत्ती. वर छज्ज्याखाली बुटके गण, एकाचं पोट दुसऱ्यासारखं नाही. दक्षिणेच्या कोनाड्यात झाडाखाली गुरू होऊन बसलेला शिव, ज्याच्या पायाचा अंगठा हजार वर्षं तेल लावून लावून झिजला तरी नख दिसतं. आणि गोल थरावर, कोनाड्याच्या खालून सुरू होऊन कोपऱ्यापर्यंत गेलेली जुन्या लिपीतली अक्षरं. ती वाचता येणारी गावात मी एकटी. सरकारी शिबिरात शिकले होते, तेव्हा सगळे हसले होते.

त्या अक्षरांत काय आहे ते मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. कोट्रन नावाचा माणूस शिकारीला गेला. रानडुकरावर बाण सोडला, तो झाडीपलीकडच्या सात्तनला लागला आणि सात्तन मेला. कोट्रननं स्वतः गावाच्या सभेपुढं येऊन सांगितलं. सभा बसली. वैर नव्हतं, ठरवून मारलं नव्हतं, म्हणून जिवाला जीव नको, असं ठरलं. कोट्रननं सात्तनसाठी या देवळात अखंड दिवा लावावा. तुपासाठी शहाण्णव मेंढ्या द्याव्यात. न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या, असंच लिहिलंय दगडावर, कारण एक गेली की तिच्या जागी दुसरी आणायची. चंद्रसूर्य आहेत तोवर.

एवढंच आहे. यापुढे एक अक्षर नाही.

पण फार वर्षांपूर्वी मदुरैकडच्या बायकांचा एक घोळका आला होता. त्यातल्या एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या मेलेल्या पोराच्या आईचं काय झालं?" काय सांगणार? दगडानं तिची साधी दखल घेतलेली नाही. ना नाव, ना गाव. ती म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, बाकीच्याही बघत राहिल्या, आणि मला ती गप्प जागा सोसवेना. मी म्हटलं, "त्या दिवशी सात्तनची आई आणि कोट्रन एकाच केळीच्या पानावर जेवले, असं लिहिलंय."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. माझा हात हातात घेतला. झालं. त्या दिवसापासून ते वाक्य मला चिकटलं. नुसत्या मेंढ्या सांगितल्या की लोक "हो का" म्हणून पुढे सरकायचे, पान सांगितलं की थांबायचे. एकदा विद्यापीठातला एक चष्मेवाला मुलगा आला, वही काढून म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या ओळीत आहे?" मी काय करावं? म्हटलं, "खालच्या ओळीत. ती फरशीखाली गेली." खालचा एक थर खरंच फरशीखाली गेला होता. विश्वस्त राजमाणिक्कमनं बारा वर्षांपूर्वीच्या जीर्णोद्धारात भिंतीला लागून चकचकीत फरशी घातली तेव्हा मीच त्याच्याशी कडाकडा भांडले होते. आणि मीच त्या फरशीचा आडोसा घेतला. टीचर ना मी, उत्तर येत नाही असं कसं म्हणणार!

वडिवूचं हाराचं दुकान देवळाच्या दारातच. दुकान म्हणजे एक फळी, एक ओलं पोतं आणि ती. नवरा लवकर गेला, एक मुलगा, मुगिलन. वीस वर्षं ती हार ओवता ओवता मला ऐकत आली. तिला लिहितावाचता येत नाही. मी शिकवायला बसवलं होतं, पण पळून जायची. संध्याकाळी मला म्हणायची, "अक्का, आज पानाचं सांगितलंस तेव्हा तो दाढीवाला पाहुणा रडला बघ." मला बरं वाटायचं. मेली माझी जीभ.

मुगिलन चोवीस वर्षांचा होता. लेथवर कामाला जायचा. अकरा महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, आईचा डबा घेऊन मोपेडवर येत होता. देवळासमोरच्या तळ्याच्या वळणावर राजमाणिक्कमच्या पांढऱ्या गाडीनं त्याला दगडी पायऱ्यांवर नेऊन आपटलं. तो जागीच गेला. वडिवू फळीवरून उठून उभी राहिली होती, डबा घ्यायला. तिनं काचेमागचा चेहरा पाहिला. राजमाणिक्कमचा मुलगा सेंदूरन, डोळे तांबारलेले, तोंड उघडं. पोलीस येईपर्यंत तो घरी पोचलेला आणि स्टिअरिंगमागे ड्रायव्हर बसलेला. ड्रायव्हर म्हणतो, मीच चालवत होतो. दुसऱ्या कुणी काही पाहिलं नाही. भर दुपारी देवळाच्या दारात अख्ख्या गावाला एकदम मोतीबिंदू झाला.

म्हणून सगळं वडिवूवर होतं. ती बोलली तर सेंदूरन अडकतो, नाही बोलली तर ड्रायव्हर चार दिवस आत बसून बाहेर येतो.

रविवारी सकाळी राजमाणिक्कमनं देवळाच्या खांबांच्या मंडपात गाव बोलावलं. भातगिरणी त्याची, देवळाचं विश्वस्तपद त्याचं, मंडपातल्या ट्यूबलाइटसुद्धा त्याच्या. प्रत्येक ट्यूबवर तांबड्या अक्षरांत त्याचं नाव इतकं ठसठशीत रंगवलंय की उजेडाला बाहेर यायला जागा नाही. माणूस कधी आवाज चढवत नाही. हात जोडून बोलतो. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते.

"वडिवू अम्मा," तो म्हणाला, "जे झालं ते फार वाईट झालं. माझ्याही घरात चूल धड पेटलेली नाही. पण कोर्ट म्हणजे परक्यांचं दार. आपल्या देवाच्या भिंतीवर न्याय लिहिलेला असताना परक्यांच्या दारात का जायचं? हे मी नाही म्हणत. हे आम्हाला टीचरनीच शिकवलं." मग माझ्याकडे वळला. "टीचर, वाचा की जरा. सगळ्यांना ऐकू द्या."

मला वाचायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? गाव उठून माझ्यामागे दक्षिणेच्या भिंतीशी आलं. मी उकिडवी बसले, बोट ठेवत ठेवत वाचलं. बाण, सात्तन, सभा, दिवा, मेंढ्या, चंद्रसूर्य. आणि थांबले.

"पुढचं?" राजमाणिक्कम म्हणाला.

"पुढे काही नाही."

"पानाचं, टीचर."

"ते दगडावर नाही. ते मी पदरचं घातलं होतं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग आमचे पुजारी, गुरुक्कळ, हसले. "असं काय करता टीचर? मी आतून आरती करताना शंभरदा ऐकलंय. खालच्या ओळीत आहे म्हणून तुम्हीच सांगायचात."

"खोटं सांगायचे. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं म्हणून सांगायचे."

"वा!" मागून गिरणीतला मुकादम बोलला. "वीस वर्षं दगडावर होतं, आता स्वतःच्या घरावर आलं तर पुसलं गेलं!"

लोक हसले. माझंच गाव, माझेच विद्यार्थी. त्या मुकादमाला मी बाराखडी शिकवली होती.

माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. "बरं, दगडावर जे खरं आहे तेच धरा! कोट्रननं डुकरावर बाण सोडला होता, आणि नंतर स्वतः चालत येऊन सभेपुढं उभा राहिला. याचा पोरगा भर दुपारी पिऊन गाडीत बसला, माणूस मारला आणि नोकराला पुढं करून घरात लपला. कुठं आहे तो? आणा की त्याला इथं! आणि फरशी उखडा. आत्ता उखडा, खालची ओळ बघा, पान सापडलं तर माझं तोंड काळं करा."

गुरुक्कळांनी कानावर हात ठेवले. "शिव शिव! कळसांवर पाणी घालून कुंभाभिषेक केला त्याला तीन महिने नाही झाले. आता बारा वर्षं पायाला पहार लावता येत नाही, तुम्हाला ठाऊक नाही का?"

"मग बारा वर्षांनी बघू," राजमाणिक्कम अगदी मऊ आवाजात म्हणाला. "टीचर, चिडू नका, तब्येतीला बरं नाही. वडिवू अम्मा, मुगिलनच्या नावानं देवासमोर अखंड दिवा मी लावतो. आणि गुरुवारी इथेच, देवळाच्या मंडपात, दोन्ही घरं एका पानावर जेवतील. जसं लिहिलंय तसं."

गुरुवारीच. सोयीचा वार बघून ठेवला होता.

वडिवू इतका वेळ मंडपाच्या कडेच्या खांबाला टेकून उभी होती. आता तिनं एकच विचारलं, "पानावर तो स्वतः बसेल?"

राजमाणिक्कमनं आधी मुकादमाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बसेल की. का नाही बसणार?"

सोमवारी सकाळी मी तिच्या फळीवर जाऊन बसले. ती मोगरा ओवत होती, मान वर केली नाही. मी म्हटलं, "गुरुवारी आठ चाळीसच्या बसनं निघायचं. सरकारी वकिलांनी साडेदहाला बोलावलंय."

"मी येत नाही, अक्का."

"त्या माणसाला घाबरलीस? फळी काढून टाकीन म्हणाला का?"

"तो काय म्हणेल? काढली तर काढली. हार कुठंही ओवता येतात." तिनं दोरा दातानं तोडला. "अकरा महिने झाले, मला तो पोरगा काचेमागे दिसतो. जेवायला बसले की दिसतो. आंघोळीला बसले की दिसतो. मुगिलनचा चेहरा आठवायला गेले की हा मधे येतो. माझ्या लेकाचा चेहरा खाल्लाय त्यानं, अक्का. मला तो एकदा समोर बसलेला बघायचाय. काच नको मधे. हातानं भात कालवताना बघायचाय. म्हणजे मग तो माणूस होईल, आणि जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"सात्तनच्या आईचा गेला ना? तिला जमलं ना?"

मी तिचे दोन्ही हात धरले, ओल्या फुलांसकट. "वडिवू, ऐक. सात्तनची आई नाहीच. मी बनवली ती. एका म्हातारीनं विचारलं आणि मला उत्तर आलं नाही, म्हणून बनवली."

"नाहीच कशी? त्याला आई नव्हती का? सगळ्यांना असते."

"असेल! पण तिचं काय झालं ते कुणीही लिहिलेलं नाही. ती जेवली की विहिरीत पडली, देव जाणे. एका पानावर जेवली हे मी माझ्या मनानं सांगितलं. खोटं आहे ते. मी वीस वर्षं तुझ्यासमोर खोटं बोलत आले."

वडिवूनं माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं मला. रागावली असती तर किती बरं झालं असतं! ती हसली. लहानपणी मी तिच्या वाटणीची शिक्षा माझ्या अंगावर घ्यायची तेव्हा हसायची तशी.

"आत्ता बोलतेयस तू खोटं," ती म्हणाली. "मी कोर्टात जावं म्हणून. कळतं मला. माझ्यासाठी तू देवाच्या भिंतीवरचं पण पुसायला निघालीस."

"अगं बाई, शपथ घेऊ का?"

"नको घेऊस. खोटी शपथ लागेल तुला." आणि ती पुन्हा ओवायला लागली. "आपले अप्पा म्हणायचे, पूंगोदैच्या तोंडून वाकडं कधी निघत नाही. मला वाचता येत नाही, अक्का. मला जे काही माहीत आहे ते तू सांगितलेलं. त्यातलं एक खोटं असेल तर मग सगळंच गेलं ना? तसं कसं होईल?"

मंगळवारी, बुधवारी मी सगळं करून पाहिलं. ओरडले, हात जोडले, वकिलांना तिच्याशी फोनवर बोलायला लावलं. त्या विद्यापीठातल्या चष्मेवाल्याचा पत्ता शोधला, तो परदेशी गेलेला. वडिवू सगळ्याला "हो अक्का, कळलं अक्का" म्हणायची आणि मोगऱ्याला पाणी शिंपडायची.

गुरुवारी मी आठ वाजता बसथांब्यावर जाऊन उभी राहिले, करड्या काठाची साडी नेसून, तिचं आधार कार्ड पिशवीत घालून. आठ चाळीसची गेली, सव्वानऊची गेली. बाराच्या सुमारास, मी अजून थांब्यावरच असताना, वकिलांचा फोन आला. चांगला माणूस, सरकारी असून. म्हणाले, "मी दुपारनंतर पुकारा करायला विनंती करतो. अडीचपर्यंत आणा त्यांना, कसंही करून आणा." मग मी देवळाकडे निघाले.

मंडपात दोन्ही बाजूंना पंगती बसलेल्या. मधे फक्त एक पान. शेंड्यासकट अख्खं, न कापलेलं केळीचं पान, एका टोकाला वडिवू, दुसऱ्या टोकाला सेंदूरन. तो नुकती दाढी करून आलेला, पांढरीशुभ्र वेष्टी नेसलेला, कपाळाला विभूती. भात, सांबार, भोपळ्याची भाजी, वडा, अप्पळम, पायसम, सगळं वाढलेलं. राजमाणिक्कम स्वतः हातात तुपाचं भांडं घेऊन वाढत होता आणि एक जण मोबाइलवर त्याचं चित्रण करत होता.

सेंदूरन जेवत होता. मला वाटलं होतं त्याच्या घशाखाली घास उतरणार नाही. उतरत होता. भराभर उतरत होता. त्यानं रसम दोनदा मागितलं, वडा मोडून सांबारात बुडवला, बोटं चाटली. वडिवूकडे त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. घाबरून असेल का? नाही. भूक लागली होती त्याला. साडेबारा वाजले होते.

वडिवूनं भात कालवून ठेवला होता आणि हात तसाच भातावर. ती त्याच्याकडे बघत होती. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता, आणि मी देवाशप्पथ सांगते, त्यावर काहीही हलकं झालेलं नव्हतं. काच जिथल्या तिथे होती.

मग तिनं मान फिरवून मला शोधलं.

"अक्का," ती म्हणाली, आणि मंडपातली भांडी वाजायची थांबली, "सात्तनची आई जेवली का गं? की नुसती बसली होती?"

सगळे माझ्याकडे वळले. गुरुक्कळ, मुकादम, राजमाणिक्कम तुपाचं भांडं धरून. पुढचं ऐकायला थांबलेले लोक कसे बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. वीस वर्षं त्या नजरांवर मी जगलेय. पिशवीत तिचं आधार कार्ड होतं. एक वाजून दहाची बस होती, अडीचच्या आत पोचलो असतो. मी "नाही" म्हटलं असतं, "नुसती बसली होती, आणि मग उठून गेली" एवढं जरी म्हटलं असतं, तरी ती पानावरून उठली असती. माझं बनवलेलं तिनं ऐकलंच असतं, मग तेही बनवून सांगायला काय हरकत होती? हे मला आता सुचतंय. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मला फक्त तो भातावर अडकलेला हात दिसत होता, आणि इतक्या जणांसमोर मी पुन्हा एकदा खोटी ठरेन एवढंच मनात होतं. यातलं मी कशाला भ्याले, ते मी स्वतःलाही सांगू शकत नाही.

"जेवली," मी म्हटलं.

"पोटभर?"

"पोटभर."

वडिवूनं मान हलवली, समजल्यासारखी, आणि घास उचलून तोंडात घातला. तिला तो गिळता येईना. चावत राहिली, चावत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोर सेंदूरननं वाढप्याला खूण केली आणि आणखी पायसम मागितलं.